उच्चस्थलीय श्वसन
समुद्रसपाटीपासून सु. 2,500 मी. पेक्षा अधिक उंचीवरील विरळ हवेत श्वसनक्रियेत होणारे बदल आणि अशा प्रदेशात पदभ्रमण करणाऱ्यांनी जाणीवपूर्वक अवलंबिलेल्या श्वास घेण्याच्या पद्धती यांचा या विषयात अंतर्भाव होतो. सखल प्रदेशातून थोड्या अवधीत अशा उंचीवर पोहोचलेल्या व्यक्तीस साधारणतः 6 ते 12 तासांनी डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील वासना उडणे, भोवळ व गळून जाणे ही लक्षणे जाणवू लागतात. त्यांना तीव्र उच्चताविकार म्हणतात. हा विकार टाळण्यासाठी विशिष्ट रीतीने श्वास घ्यावा, असा सल्ला गिर्यारोहणाच्या पुस्तिकांतून, योगवर्गांतून व वाटाड्यांकडून नेहमी दिला जातो. शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने या सल्ल्यात तथ्य आहे. तथापि त्याची मर्यादा ध्यानात न घेतल्यास तोच घातक ठरू शकतो, कारण श्वसनाच्या भरवशावर चढाईचा वेग वाढविणाऱ्यास तो खोटी सुरक्षितता देतो.

विरळ हवा व ऑक्सिजन : उंचीवरील हवेत ऑक्सिजनाचे प्रमाण कमी असते, हा समज सर्वत्र आढळतो, पण तो बरोबर नाही. समुद्रकाठी असो वा एव्हरेस्टच्या माथ्यावर असो, कोरड्या हवेत ऑक्सिजन सु. 21 टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा एकूण दाब व त्याबरोबर ऑक्सिजनाचा आंशिक दाब (मिश्रणातील त्या एका वायूमुळे पडणारा दाब). समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या 760 मिमी. इतका असतो. सु. 3,500 मी. उंचीवरील लेह येथे तो 500 मिमी. च्या आसपास येतो, तर 5,500 मी. उंचीवर जवळजवळ निम्मा होतो. एव्हरेस्टच्या शिखरावर (8,849 मी.) 1981 मध्ये अमेरिकन वैद्यकीय संशोधन मोहिमेतील क्रिस्टोफर पिझो यांनी प्रत्यक्ष मोजला तेव्हा तो सु. 253 मिमी. भरला.

श्वासनलिकेत शिरलेली हवा ओलसर होते व शरीराच्या तपमानाला बाष्पाचा दाब 47 मिमी. असतो. हा दाब उंचीप्रमाणे घटत नाही, म्हणून उंचीवर त्याचा वाटा अधिकाधिक जाचक ठरतो. तो वजा करता आत घेतलेल्या हवेतील ऑक्सिजनाचा आंशिक दाब समुद्रसपाटीला सु. 149 मिमी., लेह येथे सु. 95 मिमी. आणि एव्हरेस्टवर केवळ 43 मिमी. एवढा उरतो. फुप्फुसातील वायुकोशांत मात्र हवेला आणखी एका वायूसाठी जागा सोडावी लागते व तो म्हणजे रक्तातून येणारा कार्बन डाय-ऑक्साइड. श्वसनपद्धतींचे सारे इंगित या एका गोष्टीत आहे. कार्बन डाय-ऑक्साइड जितका अधिक बाहेर टाकावा, तितका वायुकोशात ऑक्सिजनाचा दाब वाढतो.

उदाहरणादाखल 4,500 मी. उंचीवरील पदयात्रिक घेता येईल. तेथे वातावरणाचा दाब सु. 440 मिमी. असून आत घेतलेल्या हवेतील ऑक्सिजनाचा दाब सु. 82 मिमी. भरतो. त्याचे श्वसन समुद्रसपाटीसारखेच राहिले, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब 40 मिमी. राहिला, तर वायुकोशात ऑक्सिजनासाठी सु. 32 मिमी. दाब उरेल आणि रक्तारुणाची (हीमोग्लोबिनाची) ऑक्सिजन-संपृक्तता जेमतेम 60 टक्के राहील. श्वसन वाढून कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब 30 मिमी. पर्यंत उतरला, तर ऑक्सिजनाचा दाब सु. 45 मिमी. होऊन संपृक्तता 80 टक्क्यांच्या आसपास जाईल. हवा तीच, उंचीही तीच. फरक केवळ श्वसनाचा. एव्हरेस्टच्या माथ्यावर हीच क्रिया पराकोटीला जाते. 1981 च्या मोहिमेत तेथे वायुकोशातील कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब 7.5 मिमी. इतका खाली गेल्याचे आढळले. 8 मे 1978 रोजी राइनहोल्ट मेसनर व पेटर हाबेलर हे ऑक्सिजनाच्या नळकांड्यांविना त्या शिखरावर पोहोचू शकले, त्यामागील मुख्य शारीरिक कारण हे विलक्षण वाढलेले श्वसनच होय.

आपोआप होणारे श्वसनवर्धन : हे श्वसनवर्धन पदयात्रिकाने मुद्दाम करावे लागत नाही. मानेतील ग्रीवा रोहिणीला जेथे दोन फाटे फुटतात, तेथे तांदळाच्या दाण्याएवढे एक पिंड असते. रक्तातील ऑक्सिजनाचा दाब उतरताच ते मेंदूतील श्वसनकेंद्राला चेतविते व श्वास जलद आणि खोल होऊ लागतो. या पिंडाचे कार्य उलगडल्याबद्दल बेल्जियन शास्त्रज्ञ कॉर्नेल हेमान्स यांना 1938 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु या यंत्रणेला एक लगामही आहे. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर गेल्याने रक्ताची अम्लता घटून ते अधिक क्षारधर्मी बनते. मेंदूतील श्वसनकेंद्र हे अतिश्वसनाचे चिन्ह समजून श्वासाला आवर घालते. म्हणजे एक केंद्र ‘अधिक श्वास घे’ असे सांगते, तर दुसरे ‘पुरे कर’ असे बजावते. ही ओढाताण मिटविण्याचे काम वृक्के (मूत्रपिंडे) करतात. ती मूत्रावाटे बायकार्बोनेट बाहेर टाकून रक्ताचे संतुलन परत आणतात, लगाम ढिला होतो आणि श्वसन आणखी वाढू शकते. या कामाला तास नव्हे, तर काही दिवस लागतात. उच्चतानुकूलन म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्याच्या पहिल्या आठवड्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. तांबड्या कोशिकांची वाढ सामान्य वाचकाला अधिक परिचित असली, तरी तिला आठवडे लागतात व उच्चताविकार टाळण्यात तिचा वाटा अल्प आहे. वृक्कांचे हे काम इच्छाशक्तीने किंवा कोणत्याही श्वसनाभ्यासाने घाईने करवून घेता येत नाही.

सर्वांची ही यंत्रणा सारखी तीक्ष्ण नसते. फुप्फुसशोफ (फुप्फुसात द्रव साठणे) होण्याकडे ज्यांचा कल असतो, त्यांच्यात ऑक्सिजन-न्यूनतेला मिळणारा श्वसनाचा प्रतिसाद बहुधा मंद असतो. शारीरिक तंदुरुस्तीशी मात्र याचा संबंध नाही. धावण्याच्या शर्यती जिंकणारा तरुण उच्चताविकाराने पहिल्याच मुक्कामी आडवा व्हावा आणि त्याच्याबरोबर सावकाश चालणाऱ्या प्रौढ व्यक्तीला काहीही होऊ नये, असे वारंवार घडते. महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. सह्याद्रीतील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मी. उंच आहे. तेथील किंवा हरिश्चंद्रगडावरील सरावाने पाय व दम तयार होतात, हे खरे. परंतु या उंचीवर उच्चतानुकूलन मुळीच सुरू होत नाही. मुंबईहून वा दिल्लीहून विमानाने थेट लेह येथे उतरणारा गडप्रेमी त्या दृष्टीने नवखाच असतो.

निद्रेतील श्वसन : जागेपणी ज्याचे श्वसन समाधानकारक असते, त्याचीही खरी परीक्षा रात्री होते. झोपेत श्वसनकेंद्राची जाणीवपूर्वक मदत सुटते व वर सांगितलेली ओढाताण उघडी पडते. चार-सहा खोल श्वास, मग काही सेकंद श्वास पूर्ण थांबणे, पुन्हा दचकून खोल श्वास, असा क्रम रात्रभर चालतो. तंबूतील सोबत्याला हे ऐकून भीती वाटते व झोपणाऱ्याला अनेकदा गुदमरून जाग येते. हे आवर्ती श्वसन उंचीवर बहुतेकांना होते व तेवढ्यावरून आजार ठरत नाही. मात्र रक्तातील ऑक्सिजन दिवसातील नीचांकाला याच वेळी येतो. जाणीवपूर्वक केलेली कोणतीही श्वसनपद्धती झोपेत उपयोगी पडत नाही, ही तिची मूलभूत मर्यादा होय. चढाईच्या नियमांत दिवसभरात गाठलेल्या उंचीपेक्षा झोपण्याच्या उंचीला अधिक महत्त्व दिले जाते, ते यामुळेच. मद्य व झोपेच्या काही गोळ्या श्वसनकेंद्राला मंद करतात. म्हणून पहिल्या काही रात्री त्या वर्ज्य मानल्या जातात.

इतिहास : या विकाराच्या नोंदी फार जुन्या आहेत. हान राजवंशाच्या बखरीत इ. स. पू. पहिल्या शतकातील एका मार्गवर्णनात ‘मोठा डोकेदुखी पर्वत’ व ‘लहान डोकेदुखी पर्वत’ यांचा उल्लेख येतो. स्पॅनिश जेझुइट धर्मोपदेशक होसे दे आकोस्ता यांनी पेरूमधील पर्वत ओलांडताना स्वतःला झालेला त्रास 1590 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वर्णिला आणि त्याचे कारण तेथील हवेचा विरळपणा हे असल्याचे अचूक ताडले. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक पॉल बेर यांनी हवा काढून घेता येणाऱ्या कोठडीत स्वतःवर व प्राण्यांवर प्रयोग करून दाबापेक्षा ऑक्सिजनाची उणीव हेच कारण असल्याचे सिद्ध केले. त्यांचा ग्रंथ 1878 मध्ये प्रकाशित झाला. तत्पूर्वी 1875 मध्ये ‘झेनिथ’ या फुग्यातून तीन फ्रेंच आकाशयात्री 8,000 मी. च्या आसपास गेले. ऑक्सिजन त्यांच्याजवळ होता. परंतु नळी तोंडाशी नेण्याची गरज जाणवण्याआधीच त्यांचे हात-पाय निकामी झाले होते. क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल मरण पावले, गास्तों तिसांदिये तेवढे वाचले. ऑक्सिजन-न्यूनता प्रथम विवेकावर घाला घालते व रुग्णाला आपण उत्तम स्थितीत आहोत असे भासविते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. स्वतःच्या श्वसनावर विसंबणाऱ्या पदयात्रिकाने हा प्रसंग विसरू नये.

इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी मात्र उलट मत मांडले होते. मोंते रोझा पर्वतावर 1893 मध्ये उघडण्यात आलेल्या मार्गेरिता निवाऱ्यातील (4,554 मी.) प्रयोगांवरून रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी होणे हेच विकाराचे मूळ होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो खरा असता, तर उंचीवर खोल श्वास घेणे अपायकारक ठरले असते. 1911 मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाइक्स शिखरावर (सु. 4,300 मी.) पाच आठवडे राहून निरीक्षणे केली, तेव्हा प्रकृती सुधारत असतानाच कार्बन डाय-ऑक्साइडाची पातळी उतरत जात असल्याचे दिसून आले. त्याच वेळी मेबल फिट्झजेरल्ड या कोलोरॅडोमधील निरनिराळ्या उंचीवरील खाणवस्त्यांतून फिरून तेथील रहिवाशांच्या निःश्वासाचे नमुने तपासीत होत्या. उंची वाढेल तसतसा कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब नियमित उतरतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही ग्राह्य आहे. हॉल्डेन यांना फुप्फुसे ऑक्सिजन स्रवतात असेही वाटत होते. ते मत पुढे खोटे ठरले.

भारतात या विषयाला 1962 च्या भारत-चीन युद्धाने तातडीचे महत्त्व आणले. मैदानी छावण्यांतील सैनिक एकाएकी हिमालयातील उंच ठाण्यांवर पोहोचविण्यात आले व शत्रूच्या गोळीशिवायही अनेक जण आजारी पडले. लष्करी वैद्य इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी 3,350 ते 5,500 मी. उंचीवरील 1,925 सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध 1969 मध्ये प्रसिद्ध केला. तीव्र उच्चताविकारावरील तो एक पायाभूत निबंध मानला जातो. भारतीय सेनेत पुढे टप्प्याटप्प्याने उंची गाठण्याचा नियम रूढ झाला. त्यानुसार सु. 2,700 ते 3,600 मी. या पहिल्या टप्प्यात 6 दिवस व पुढील प्रत्येक टप्प्यात 4 दिवस अनुकूलनासाठी राखले जातात. शिस्त व व्यायाम यांची कमतरता नसलेल्या सैनिकांनाही श्वसनाभ्यासाऐवजी दिवस दिले जातात, ही बाब बोलकी आहे.

श्वसनाच्या पद्धती : पदयात्रिकांत प्रचलित असलेल्या पद्धतींचे मोल वेगवेगळे आहे. त्यांत सर्वाधिक अभ्यास मंद व खोल श्वसनाचा झाला आहे. त्याचे तत्त्व साध्या गणिताने समजते. प्रत्येक श्वासातील सु. 150 मिलि. हवा श्वासनलिका व तिच्या शाखा यांतच राहते व वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. मिनिटाला 500 मिलि.चे 15 श्वास घेतले, तर एकूण 7.5 लि. हवेपैकी 5.25 लि. वायुकोशांत पोहोचते. तेवढीच हवा 250 मिलि.च्या 30 उथळ श्वासांत घेतली, तर केवळ 3 लि. पोहोचते, आणि 1,250 मिलि.च्या 6 खोल श्वासांत घेतली, तर 6.6 लि. पोहोचते. धापा टाकणाऱ्याच्या श्रमाचा मोठा भाग वाया जातो तो असा. येथे मंदपणापेक्षा खोली महत्त्वाची आहे. श्वास मंद केला, पण खोल केला नाही, तर ऑक्सिजन घटतोच.

मार्गेरिता निवाऱ्यात व हिमालयात 5,400 मी. उंचीवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिनिटाला 6 याप्रमाणे 15 मिनिटे खोल श्वसन केले असता रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता सु. 80 टक्क्यांवरून 88 ते 89 टक्क्यांपर्यंत चढली व फुप्फुस रोहिणीतील दाबही काहीसा उतरला. हा परिणाम लक्षणीय आहे. पण तो श्वसन चालू असतानाचा आहे. त्यामुळे त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी विकार टळतो, असे या अभ्यासाने दाखविलेले नाही. शिवाय हे श्वसन बसून वा पडून विश्रांती घेतानाच शक्य असते. चढ चढताना स्नायूंची गरजच इतकी वाढते, की मिनिटाला 6 श्वास कोणालाही पुरणार नाहीत. तेव्हा श्वास रोखून धरण्याचा अट्टहास केल्यास अपाय होतो. पोटाच्या हालचालीने, म्हणजे मध्यपटल पुरते खाली जाऊ देऊन, विसाव्याच्या प्रत्येक ठिकाणी व झोपण्यापूर्वी 10-15 मिनिटे असे श्वसन करण्यास हरकत नाही. डोके हलके वाटल्यास किंवा बोटांना मुंग्या आल्यास ते थांबवावे.

चालताना उपयोगी पडते ती पावले व श्वास यांची सांगड. सौम्य चढावर दोन पावलांत श्वास आत व दोन पावलांत बाहेर, तीव्र चढावर प्रत्येक पावलाला एक श्वास, असा ताल धरला जातो. मागच्या पायावर क्षणभर सारा भार टेकवून मगच पुढचे पाऊल टाकण्याची गिर्यारोहकांची जुनी रीत याच तालाशी जुळते. या पद्धतीचा खरा लाभ फुप्फुसांपेक्षा गतीला होतो. ताल टिकविण्यासाठी माणसाला हळू चालावेच लागते. बरोबरच्या माणसाशी सलग वाक्य बोलता आले नाही, तर वेग जास्त झाला असे समजावे, ही वाटाड्यांची कसोटीही याच जातीची असून ती कोणत्याही उपकरणाइतकी विश्वसनीय आहे. नाकाने श्वास घेतल्याने थंड व कोरडी हवा उबदार आणि ओलसर होते, घसा कमी कोरडा पडतो व खोकल्याचा त्रास कमी होतो. मात्र चढावर तोंड मिटून ठेवण्याचा आग्रह निरर्थक आहे.

ओठांचा चंबू करून, गरम दुधावर फुंकर घालावी तसा उच्छ्वास सावकाश सोडणे, ही तिसरी रीत. यामुळे उच्छ्वासाच्या वेळी श्वासमार्गात किंचित दाब टिकून राहतो व लहान वायुमार्ग मिटत नाहीत. फुप्फुसशोफ झालेल्या गिर्यारोहकांना उच्छ्वासाला अडथळा करणारा मुखवटा दिल्याने ऑक्सिजन सुधारतो, असे अलास्कातील मॅकिन्ली (डेनाली) पर्वतावर 1980 नंतरच्या दशकात आढळून आले. ओठांनी केलेला दाब त्याहून पुष्कळ कमी असतो. तरी थकलेल्या माणसाची धाप आवरण्यास व भीती ओसरण्यास त्याची मदत होते.

याउलट जोरजोराने व वेगाने केलेले अतिश्वसन आणि त्यापाठोपाठ श्वास रोखणे, हा प्रकार उंचीवर धोक्याचा आहे. अतिश्वसनाने ऑक्सिजन वाढतो हे खरे. पण कार्बन डाय-ऑक्साइड एकदम घटल्याने मेंदूतील रक्तवाहिन्या आकसतात, तेथील रक्तपुरवठा कमी होतो आणि भोवळ, मुंग्या व हाताच्या बोटांत पेटके ही लक्षणे उद्भवतात. त्यानंतर श्वास रोखल्यास ‘श्वास घे’ अशी सूचना देणारा कार्बन डाय-ऑक्साइडच अपुरा असल्याने ऑक्सिजन कमालीचा उतरेपर्यंत माणसाला त्याची जाणीव होत नाही. समुद्रसपाटीला जो साठा काही मिनिटे पुरतो, तो 4,500 मी. वर फार लवकर संपतो. कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला क्षणभराची घेरीदेखील परवडणारी नाही. कपालभाती, भस्त्रिका व दीर्घ कुंभक हे प्रकार म्हणूनच घरच्या सरावापुरते ठेवावेत. अतिश्वसनाच्या प्रशिक्षणानंतर किलिमांजारो पर्वतावर वेगाने चढलेल्या एका गटाचा वृत्तांत 2014 मध्ये प्रसिद्ध झाला व तो बराच गाजला. परंतु त्यात तुलनेसाठी प्रशिक्षण न घेतलेला गट नव्हता. त्यामुळे त्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही.

प्राणायामाचा नियमित अभ्यास करणाऱ्यांविषयी काही मननीय निरीक्षणे आहेत. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात योगाभ्यासकांमध्ये ऑक्सिजन-न्यूनता व कार्बन डाय-ऑक्साइड या दोहोंना मिळणारा श्वसनप्रतिसाद सामान्य माणसांपेक्षा मंद आढळला. याचा अर्थ दुहेरी आहे. कमी श्वासांत अधिक काम साधणारी फुप्फुसे ही देणगीच होय. ऑक्सिजनाच्या नळकांड्यांविना अत्युच्च शिखरे गाठणाऱ्या काही गिर्यारोहकांतही असेच काटकसरी श्वसन आढळले आहे. परंतु उंचीवर नव्याने आलेल्या माणसाचे संरक्षण करणारा प्रतिसादच दडपला गेला, तर ते हितावह नाही. म्हणून योगाभ्यासकांनी आपल्याला उच्चताविकार होणार नाही असे गृहीत धरू नये. बाजारात मिळणारे श्वासाला अडथळा करणारे मुखवटे श्वसनाच्या स्नायूंना व्यायाम देतात. हवेतील ऑक्सिजनाचा दाब त्यांनी उतरत नाही, त्यामुळे अनुकूलनही होत नाही. यात्रेकरू व पर्यटक कापराची पुरचुंडी हुंगताना दिसतात. त्याच्या थंड स्पर्शाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातील ऑक्सिजनात मात्र भर पडत नाही.

प्रतिबंधाचे प्रमुख उपाय : नेपाळमधील फेरिचे येथे (4,243 मी.) पीटर हॅकेट व सहकारी यांनी तपासलेल्या 278 पदयात्रिकांपैकी 53 टक्क्यांना तीव्र उच्चताविकार झाल्याचे 1976 मध्ये नोंदविण्यात आले. विमानाने 2,800 मी. वर थेट उतरलेले, वेगाने चढलेले व वाटेत कमी रात्री थांबलेले लोक त्यांत अधिक होते. यावरून प्रतिबंधाची दिशा स्पष्ट होते. 3,000 मी. नंतर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मी. हून अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा नियम आता सर्वमान्य आहे. विमानाने लेह येथे उतरणाऱ्याला हा नियम पहिल्याच दिवशी मोडावा लागतो. म्हणून तेथे निदान दोन दिवस विश्रांती घेतल्याखेरीज 5,000 मी. हून उंच असलेल्या खारदुंग खिंडीकडे जाऊ नये. केदारनाथ (सु. 3,580 मी.), अमरनाथ (सु. 3,890 मी.) व कैलास परिक्रमेतील डोल्मा खिंड (सु. 5,630 मी.) येथे जाणाऱ्या यात्रेकरूंची अडचण याहून मोठी असते. मुक्काम ठरलेले, दिवस मोजके आणि मागे फिरणे म्हणजे श्रद्धेला उणेपणा, अशी भावना असल्याने लक्षणे लपविली जातात.

औषधांपैकी ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधासाठी वापरले जाते. प्रौढांना सामान्यतः 125 मिग्रॅ. दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. ते वृक्कांतून बायकार्बोनेट लवकर बाहेर घालविते, रक्त किंचित अम्ल करते व श्वसनावरील लगाम सैल करते. झोपेतील आवर्ती श्वसनही त्याने कमी होते. श्वसनाभ्यासाला जे जागेपणी काही मिनिटे साधते, ते हे औषध रात्रंदिवस साधते, असे म्हणता येईल. सल्फा औषधांची अधिहृषता (ॲलर्जी) असणाऱ्यांनी व इतरांनीही ते वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे.

बोटाला लावून ऑक्सिजन-संपृक्तता मोजण्याचे लहान उपकरण आता बहुतेक गटांजवळ असते. ते वापरताना श्वसनपद्धतींचा एक विपरीत उपयोग दृष्टीस पडतो. मागे पाठविले जाऊ नये म्हणून काही जण तपासणीपूर्वी चार-पाच खोल श्वास घेऊन आकडा फुगवितात. श्वसनाने आकडा क्षणात वाढतो, शरीराची स्थिती मात्र तीच राहते. म्हणून मोजणी पाच मिनिटे स्वस्थ बसवून, माणूस बोलण्यात गुंतलेला असताना करावी आणि आकड्यापेक्षा लक्षणांना अधिक वजन द्यावे.

धोक्याची चिन्हे : डोकेदुखी विश्रांतीने व साध्या औषधाने थांबत नसेल, तर आणखी वर जाऊ नये. विश्रांतीतही दम लागणे, कोरडा खोकला वाढून फेसाळ व गुलाबीसर थुंकी येणे, ओठ निळसर होणे ही फुप्फुसशोफाची चिन्हे होत. ती बहुधा उंची गाठल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, पुष्कळदा रात्री उद्भवतात. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता न येणे, असंबद्ध बोलणे, सुस्ती ही मस्तिष्कशोफाची (मेंदूला सूज येण्याची) लक्षणे असून त्याकडे दुर्लक्ष झाल्यास काही तासांत बेशुद्धी व मृत्यू ओढवतो. या दोन्ही अवस्थांत खोल श्वसन हा उपचार नव्हे. रुग्णाला तत्काळ, रात्र असली तरी, निदान 300 ते 1,000 मी. खाली आणणे आवश्यक असते. ऑक्सिजन उपलब्ध असल्यास तो द्यावा. हवामानामुळे उतरणे अशक्य असल्यास हवेचा दाब वाढविता येणाऱ्या पिशवीत रुग्णाला काही तास ठेवतात. मस्तिष्कशोफात डेक्सामेथॅसोन व फुप्फुसशोफात निफेडिपिन ही औषधे वापरली जातात; परंतु ती उतरण्याला पर्याय नाहीत. उतरताना फुप्फुसशोफाच्या रुग्णाला शक्य तो चालवू नये, कारण श्रमाने फुप्फुस रोहिणीतील दाब वाढतो. त्याला उचलून न्यावे, डोके व छाती उंच ठेवावी, ऊब द्यावी आणि तो शुद्धीवर असल्यास ओठांचा चंबू करून सावकाश उच्छ्वास सोडण्यास सांगावे. त्याच्याजवळ सतत एक माणूस असावा व त्याने दर काही मिनिटांनी त्याच्याशी बोलून उत्तरे सुसंगत येतात की नाही, हे पाहावे.